नारायणगडाच्या वाटेवरची कोरडी टाकी

वाचकहो, बीड जिल्हा पाहायचा असेल तर दिवाळी उरकल्यावर आठ-पंधरा दिवसांत या. ऊन सोसवते, रानात तूर फुलावर असते, बाजारात शेवटची सीताफळे मिळतात आणि रस्त्याला लागलात की अख्खा जिल्हाच कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, बांबू, पिठाचे डबे, कोंबड्यांचे खुराडे, आणि सगळ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेली लेकरे. ऊसतोडीला निघालेली घरेच्या घरे ही. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात काढायचे.

2025 च्या दिवाळीनंतर मी असाच सोलापूरच्या बाजूने मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला आलो. घाटमाथ्यावर पवनचक्क्यांची पाती संथपणे फिरत होती. आता नगरकडून येणाऱ्यांची सोय झाली आहे. अहिल्यानगर ते बीड रेल्वे 17 सप्टेंबर 2025 ला सुरू झाली. ज्या गाडीची वाट पाहण्यात दोन पिढ्या गेल्या ती एकदाची आली. मला मात्र जायचे होते नारायणगडाला, म्हणून बीडहून पुढे एसटी, मग जीप, आणि शेवटचा टप्पा पायी.

गड म्हटले की तुम्हाला बुरूज आणि दरवाजे आठवतील. हा तसला गड नव्हे. बीड आणि शिरूर कासार तालुक्यांच्या शिवेवरच्या टेकडीवरचे हे वारकऱ्यांचे ठाणे. नारायण महाराजांना लोक 'नगद नारायण' म्हणतात. म्हणजे इथे उधारी नाही, भक्ती केली की फळ रोख! गडाला 'धाकटी पंढरी' असेही नाव आहे. आषाढीला गडाची दिंडी पंढरपूरला जाते. भगवानबाबाही आधी याच गडावर माणिकबाबांपाशी होते, भगवानगड पुढचा. एवढी माहिती बीडकडच्या कोणत्याही शाळकरी पोराला असते, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगून ठेवली.

गडाकडे चालत निघालो तर वाटेत एक वस्ती लागली. चार घरे, त्यांतल्या तिघांना कुलूप. चौथ्या घराच्या ओट्यावर एक आजी कापसाच्या बोंडातली सरकी काढत बसल्या होत्या. पाणी मागितले. त्या आत गेल्या तेवढ्यात माझे लक्ष गोठ्यामागच्या एका गोल घुमटाकडे गेले. चुन्याने कधीतरी रंगवलेला, अर्धा जमिनीत पुरलेला, वर गवत उगवलेले. कोणाची समाधी असावी असे क्षणभर वाटले.

"आजी, हे काय?"

"ती व्हय? गोबरगॅसची टाकी. आमच्या मालकानी बांधली. सरकारनं पैशे दिलते."

"मग चालत नाही?"

आजी हसल्या. "चालंल कशी बाबा? दोन वर्सं लई गुणाची चालली. भाकरी व्हायच्या, चहा व्हायचा. मंग पोरं कारखान्यावर जाऊ लागली. बैल गाडीसंगं गेले, म्हैस लेकीकडं बांधली. टाकीला खाऊ कोण घालणार?"

मंडळी, पुढचा सारा प्रवास हा एक प्रश्न माझ्याबरोबर चालत होता. टाकी हे जनावर आहे हे आजींना कळले होते. कागदावर योजना आखणाऱ्याला ते कितपत कळले होते कुणास ठाऊक.

हिशोब साधा आहे. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे दावणीला हवीत. शेणाइतकेच पाणी लागते. ते कालवून रोज आत सोडायचे. आतले जंतू हवेशिवाय ते शेण पचवतात आणि मिथेन वायू सोडतात, तो शेगडीत जळतो. दुसऱ्या तोंडातून निघालेली मळी हे उत्तम खत. पण पाच-सहा महिने खाऊ बंद झाला की आतली मळी घट्ट होते, वर साय धरते, घुमटाला भेगा पडतात. पुन्हा सुरू करायची तर आधी ती उपसा, मग दोनेक टन शेण गोळा करा. ऊसतोडीहून चैत्रात परतलेल्या घराकडे दोन टन शेण कुठले, आणि चैत्रात पाणी तरी कुठले?

या टाक्या आल्या कशा? गोबरगॅसची खटपट आपल्या देशात जुनी आहे, पण गावोगाव अनुदान देऊन ती पसरवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1981-82 साली सुरू झाला. लोखंडी टोपीची खादी ग्रामोद्योगाची टाकी महाग पडे. 1984 साली विटांच्या घुमटाची 'दीनबंधू' टाकी आली, ती स्वस्त होती. तेव्हा हेतू वेगळा होता. सरपण वाचावे, जंगल वाचावे, बाईच्या डोळ्यांतला धूर थांबावा, शेताला खत मिळावे. तापमानवाढीचे नाव तेव्हा गावात कोणी घेत नव्हते. आज त्याच टाकीकडे सरकार वेगळ्या नजरेने पाहते. शेण पाण्यात साचून उघड्यावर सडले की मिथेन हवेत जातो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या मानाने शंभर वर्षांच्या हिशोबात अठ्ठावीसेक पट जास्त उष्णता धरून ठेवतो. तोच वायू चुलीत जाळला तर हवेचे नुकसान कितीतरी कमी. आणि यातली गंमत म्हणा की दुखणे म्हणा, भेगाळलेली, अर्धपोटी टाकी तोच मिथेन हवेत गळू देते. म्हणजे ज्या कामासाठी अनुदान दिले, नेमके त्याच्या उलट.

आजींना नमस्कार करून गड चढलो. दुपार होती, गर्दी नव्हती. दर्शन घेऊन एका झाडाच्या सावलीत बसलो आणि खाली पाहिले. एकीकडे कपाशीचे पांढरे ठिपके, मध्ये उघडे माळ, ओढ्याकाठी मात्र माती खरडून गेल्याच्या पट्ट्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला आणि मराठवाड्यात हजारो घरांच्या तोंडचा घास पाण्याबरोबर गेला. याच मराठवाड्यात 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. दुष्काळ आपल्याला नवा नाही आणि पूरही नवा नाही. पण दोन्हींची धार वाढते आहे, आणि हवामानाचे अभ्यासक त्यामागे तापत चाललेल्या हवेचा हात दाखवतात.

हवा तापते म्हणजे काय, हे घरी लेकरांनी विचारले तर गोधडीचे उदाहरण द्या. पृथ्वीभोवती हवेची एक गोधडी आहे. तिच्यामुळेच रात्री आपण गारठून मरत नाही. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की त्या गोधडीत आणखी एकेक पदर शिवला जातो. आधी ऊब, मग उकाडा. जगातल्या श्रीमंत देशांनी हे पदर आपल्या आधी दीडशे वर्षे शिवले, हेही लेकरांना सांगायला हरकत नाही. 1997 च्या क्योटो कराराने त्या देशांवर वायू कमी करण्याचे बंधन आले, आणि स्वतःच्या घरी जमेना तर गरीब देशांत असे प्रकल्प उभारायला पैसा देण्याची पळवाट म्हणा, वाट म्हणा, तीही मिळाली. महाराष्ट्रातल्या अनेक पवनचक्क्यांना त्या वाटेने पैसा आला. तो कंपन्यांना मिळाला. ज्याच्या माळावर खांब उभा राहिला त्याच्या हाती जमिनीचे पैसे आले तेवढेच. 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत आपला हिशोब शून्यावर आणण्याचा शब्द दिला. तेव्हापासून सरकारी योजनांच्या कागदांत हा विषय वाढला आहे.

आणि हे सारे दूरचे आहे असे समजू नका. याच जिल्ह्यात परळीला, वैजनाथाच्या गावी, 1971 पासून कोळशावर वीज होते. त्या केंद्राला कोळशाइतकेच पाणीही लागते. 2015 च्या जुलैत गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. ज्या धुराने हवा तापते त्या धुराच्या घरालाच दुष्काळाने कुलूप लावले! मला वाटते, सूर्यावर वीज करण्याचा मुद्दा बीडच्या शेतकऱ्याला पटवायला एवढी एक गोष्ट पुरे. सौर पट्ट्यांना पाणी लागते ते धूळ पुसण्यापुरते.

गड उतरताना वाट बदलली तर एका विहिरीवर निळ्या पट्ट्या चमकताना दिसल्या. साठीचे एक गृहस्थ ज्वारीला पाणी देत होते. रामराम झाला, बांधावर बसलो.

"मामा, कशी काय चालते?"

"ऊन आसंल तवर काय बी फिकीर नाही. आधी आठवडाभर दिवसा लाईट, आठवडाभर रातीची. रातीला बारा वाजता बॅटरी घिऊन यायचं, इचुकाट्याचं भ्याव. आता भाकर खायची, बटन दाबायचं."

मामांचा थोरला ऊसतोडीला जातो, धाकटा दोन वर्षांपासून जात नाही. "का" म्हणून विचारले तर म्हणाले, "दिसा पाणी भेटतंय, मंग रब्बी हातात येती. येका कोयत्याची उचल कमी घ्यावी लागली." पट्ट्यांमुळे ऊसतोड सुटली असे मी म्हणणार नाही, मामांनीही म्हटले नाही. एका घरातला एक कोयता दोन वर्षे भिंतीला टांगलेला राहिला, इतकेच मी पाहिले.

आता कामाचे बोलू. केंद्र सरकारची 'कुसुम' योजना 2019 साली आली, आणि राज्याने 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या नावाने महावितरणमार्फत पंप देणे सुरू केले. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात असा बेत आहे. पाच वर्षे दुरुस्ती पुरवठादाराने करायची, विमाही असतो. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद लागते. सातबारा सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतिपत्र लागते, आणि आपल्याकडे भावाभावांत अर्ज अडतो तो नेमका तिथेच.

सरकार हे पैसे का देते, तर धर्म म्हणून नव्हे. डिझेल इंजिन तासाला एक लिटर खाते असे धरा. दिवसाला पाच तास, वर्षात शंभर दिवस चालले तर 500 लिटर. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका इंजिनाचा वर्षाला तेराशे-साडेतेराशे किलो. विजेचा पंप असेल तरी वीज बहुतांशी कोळशाचीच. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज राज्याने एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी माफ केली आहे. ते बिल कोणीतरी भरतेच. सौरपंप बसला की सरकारचे ते ओझेही उतरते. देणाऱ्याचा हिशोब घेणाऱ्याला ठाऊक असावा, म्हणून हे सांगितले.

दुसरा मार्ग आहे सौर वाहिनीचा. राज्याची ही योजना 2017 ची, तिची दुसरी आवृत्ती 2023 ची. पंपापंपाला पट्ट्या देण्याऐवजी उपकेंद्राजवळ एकाच जागी मोठा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या अख्ख्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 साली 3 मेगावॉटचा असा प्रकल्प सुरू झाला. आपली जमीन भाड्याने द्यायची असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ. एकरी पन्नास हजार झाले. बीडच्या मुरमाड माळाला कोणत्या पिकाने इतके दिले आहे? तरीही दोन गोष्टी आधी विचारून घ्या. जमीन किती वर्षांसाठी अडकते ते करारात स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. आणि प्रकल्प गायरानावर येणार असेल तर ग्रामसभेत शेळ्या-मेंढ्यांचा प्रश्न पहिल्या दिवशीच काढा. पट्ट्यांभोवती कुंपण पडल्यावर धनगराने कुठे जायचे हे नंतर कोणी विचारत नाही.

देवस्थानांचेही एक उदाहरण आठवले. शिर्डीला 2009 साली प्रसादालयावर सूर्याची उष्णता धरणाऱ्या 73 मोठ्या तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक शिजवला. त्याला केंद्राच्या खात्याचे अनुदान होते. नारायणगडावर एकादशी-द्वादशीला पंगती उठतात तेव्हा केवढाल्या कढया चढत असतील हे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

परत मामांच्या बांधावर येऊ, कारण खरी धास्ती तिथेच आहे. मी विचारले, "मामा, बिल नाही, ऊन फुकट. मग पंप बंद कधी करता?" ते ओशाळले. "कवा कवा राहतो चालू." शेजारच्या शिवारात तीन बोअर आणखी खोल गेले, हे त्यांनीच सांगितले. मंडळी, डिझेलचा पैसा आणि विजेची वेळ हे दोन लगाम होते. दोन्ही सुटले आणि जमिनीखालचे पाणी तर तेवढेच आहे. हवेतला धूर कमी केला आणि विहीर आटवली तर त्या पट्ट्या उन्हात चमकत राहतील, पंप कोरडाच फिरेल. माझे मत असे आहे की सौरपंपाचा अर्ज आणि ठिबकचा अर्ज एकाच दिवशी करावा, आणि ज्या गावात पाणलोटाचे काम झालेले नाही तिथे आधी बांधबंदिस्ती पाहावी. हे मत सगळ्यांना आवडणार नाही. ज्याच्या उसाला पाणी हवे आहे त्याला तर मुळीच नाही.

गोबरगॅसबद्दलही निराश होऊन हा लेख मिटू नका. ज्या घरी बारमाही दूध आहे, चार जनावरे आणि त्यांचे करणारे माणूस दावणीपाशी आहे, तिथे टाकी आजही सोन्यासारखी चालते. सिलिंडर महिन्याला येतो तो दोन-तीन महिन्यांनी येतो आणि मळीचे खत वेगळेच. पण घर सहा महिने बाहेर राहणार असेल तर अनुदान मिळते म्हणून टाकी बांधू नका, साहेबांनी उद्दिष्ट पुरे करायचे आहे म्हणून तर मुळीच बांधू नका. पट्ट्या घराची वाट पाहू शकतात. टाकी पाहू शकत नाही.

पट्ट्यांनाही माणूस लागतेच म्हणा. आठवड्याला एकदा सकाळी, काच थंड असताना, मऊ फडक्याने धूळ पुसावी. भर उन्हात गार पाणी ओतू नये, काच तडकते. वादळाआधी आणि नंतर बोल्ट पाहावेत. केबल चोरीला जाते. गेली तर आधी पोलिसांत तक्रार आणि लगेच पुरवठादाराला कळवणे, नाहीतर विम्याचे घोंगडे भिजत पडते.

संध्याकाळी परत त्याच वस्तीवरून निघालो तर आजींनी हाक मारली. पदराच्या गाठीतून नव्हे, आता सगळ्यांच्या घरी असतो तसा चोळीच्या खिशातून मोबाईल काढला. "हे वाचून दाखव बाबा. चार दिस झाले येऊन." थोरल्या लेकाने कारखान्यावर जाण्याआधी सौरपंपाचा अर्ज केला होता, त्याचा निरोप होता. पैसे भरल्याची पोच झाली होती, आता पुरवठादार निवडायचा आणि त्यानंतर माणूस विहीर पाहायला येणार.

"कधी येणार?" आजींनी विचारले.

तारीख नव्हती. अर्जात फोन लेकाचा होता तसाच आजींचाही होता, हे त्या पोराचे शहाणपण. पण पाहणीला माणूस आला तर जागा कोण दाखवणार, विहीर बांधाच्या अलीकडे की पलीकडे हे कोण सांगणार? लेक सांगलीकडे उसाच्या फडात, सून त्याच्याजवळ मोळ्या बांधते आहे. मी तिथेच आजींच्या फोनवरून लेकाला फोन लावला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. पुरवठादाराचे ठरले. बांधावरच्या मामांना 'जागा दाखवायला तुम्ही जा' असे लेकाने सांगितले, आणि मामांचा नंबर अर्जाच्या पावतीच्या मागे मी मोठ्या अक्षरात लिहून दिला.

आजींनी पावती घडी करून देवळीत, हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली. मग टोपलीतली चार सीताफळे माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "शेवटची हायेत, आजच खा. आन जीप निघून जाईल, पाय उचल."